इच्छा कोणाची?

प्रभूची प्रार्थना : भाग चौथा

देवाचं नाव पवित्र मानलं जावं आणि त्याचं राज्य यावं, या पहिल्या दोन मागण्या आपण मागच्या दोन भागांत पाहिल्या. आज तिसरी. देवाची इच्छा स्वर्गात पूर्ण होते तशी पृथ्वीवरही व्हावी, असं मागायला येशूने शिष्यांना शिकवलं.

ही मागणी आपल्या मंडळ्यांत सगळ्यात जास्त कुठे ऐकू येते? लग्नाच्या मांडवात नाही, बाळाच्या बाप्तिस्म्याला नाही. मुलाला नोकरी लागली म्हणून घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली तर तिथेही नाही. ती ऐकू येते आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर आणि दफनभूमीत, मूठमूठ माती टाकताना. चांगलं झालं की देवाची कृपा, वाईट झालं की देवाची इच्छा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. त्यामुळे देवाच्या इच्छेचं नाव काढलं की पुष्कळांच्या पोटात गोळाच येतो. ‘मी स्वतःला पूर्णपणे देवाच्या हवाली करतो’ अशी प्रार्थना करायला चांगले भाविक लोकही घाबरतात. हवाली केलं आणि त्याने खरंच काही काढून घेतलं तर?

ही भीती येशूच्या शिकवणीतून आलेली नाही. त्याने हे वाक्य प्रार्थनेत कुठे ठेवलं आहे ते पाहा. घडून गेलेल्या गोष्टीपुढे मान तुकवण्यासाठी ते आलेलं नाही. जे अजून घडलेलं नाही ते घडावं, म्हणून ते मागायचं आहे. आणि स्वर्गाचा दाखला दिला आहे तो एवढ्याचसाठी की पृथ्वीवर अजून तसं होत नाही. इथे जे जे घडतं ते सगळं देवाच्या इच्छेनेच घडत असतं, तर ही मागणी मागण्यात काही अर्थच उरला नसता. जे आहे तेच असू दे, असं रोज सकाळी कोण मागेल? उपाशी मूल, हुंड्यासाठी जाळलेली सून, खोट्या कागदांवर बळकावलेली जमीन, या गोष्टी देवाच्या इच्छेविरुद्ध आहेत, म्हणूनच तर आपण त्या इच्छेसाठी प्रार्थना करतो. हे एकदा नीट मनात ठसलं की पुढच्या पुष्कळ गाठी सुटतात.

खुद्द येशूपुढेही असे प्रश्न आले होते. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती काय जास्त पापी होती का? नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? त्याने तो हिशेबच मोडीत काढला आणि त्या माणसाला दृष्टी दिली. त्याआधी कित्येक शतकं ईयोबाच्या मित्रांनीही हाच हिशेब मांडला होता. मुलंबाळं गेली, अंगभर फोड आले, तेव्हा तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. त्यांच्या हातून झालेलं चांगलं काम तेवढंच. नंतर तोंड उघडलं ते देवाची बाजू घ्यायला : देव न्यायी आहे, म्हणजे तुझंच काही चुकलं असणार. ईयोब चिडला, रडला, त्याने देवाला जाब विचारला. आणि ग्रंथाच्या शेवटी देव कोणावर रागावतो? या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना ऐकवतो. देवाची वकिली करणाऱ्यांना देवानेच खोटं ठरवलं. माझं तर स्पष्ट मत आहे की तरुण मूल गेलेल्या घरी भेटायला जाणाऱ्याने ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस तेवढे आठवावेत. तिथे ‘देवाची इच्छा’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार त्या आईचा आहे. त्या घरात पहिल्यांदा कोणी ते बोलायचेच असतील तर तिनेच बोलावेत.

आता गेथशेमाने. या मागणीचा खरा अर्थ तिथे कळतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने शिष्यांना जे वाक्य शिकवलं, तेच वाक्य सव्विसाव्या अध्यायात, बागेतल्या दुसऱ्या प्रार्थनेत, त्याच्या स्वतःच्या तोंडी येतं. मूळ ग्रीकमध्ये शब्द अगदी तेच आहेत. डोंगरावर बसून शिकवलेलं वाक्य स्वतःवर वेळ आल्यावर म्हणता येतं का, याची ती रात्र होती.

वल्हांडणाचं भोजन उरकून, किद्रोनचा ओढा ओलांडून तो जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी आला. पेत्र आणि जब्दीचे दोघे मुलगे यांना त्याने बरोबर घेतलं. माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे, तुम्ही इथे माझ्याबरोबर जागे राहा, अशा अर्थाचं तो त्यांना बोलला. देवाचा पुत्र माणसांकडे सोबत मागतो आहे. मग थोडा पुढे जाऊन तो जमिनीवर पालथा पडला, आणि त्याच्या तोंडून पहिल्यांदा शरणागती निघाली नाही, विनंती निघाली. शक्य असेल तर हा प्याला माझ्यापुढून टळून जाऊ दे. मार्क सांगतो की त्या वेळी त्याने पित्याला ‘अब्बा’ म्हणून हाक मारली, त्याच्या घरगुती अरामी भाषेत. आपल्या इच्छेपेक्षा पित्याची इच्छा हे शब्द त्यानंतर आले. आणि हे एकदाच झालं नाही. तो उठला, शिष्यांना झोपलेलं पाहिलं, परत गेला, पुन्हा मागितलं. परत आला, ते पुन्हा झोपलेले. तिसऱ्यांदा तेच. लूक त्याच्या घामाचं वर्णन रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा असं करतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक तर त्याच्या मोठ्या आक्रोशाची आणि अश्रूंची आठवण देतो.

आपल्याकडे शरण जाण्याचं चित्र फार शांत असतं. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान, ओठांवर आमेन. गेथशेमानेत तसं काही नाही. तिथे इच्छा लपवलेली नाही. ‘मला हे नको आहे’ हे पित्याला सरळ सांगितलेलं आहे, तेही तीन वेळा. म्हणून ज्याला शरण जायचं आहे त्याने आधी आपल्याला काय हवं ते देवापुढे खरं खरं मांडायला हवं. जे मांडलंच नाही ते हवाली काय करणार? आजारपणात ‘देवा, तुझी इच्छा’ एवढंच पुटपुटून थांबणाऱ्यांना मी नेहमी विचारतो : बरं व्हावंसं वाटतं, हे त्याला सांगितलंत का? पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूची तीनदा विनवणी केली होती. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. पण ते उत्तर मिळालं विनवणी केल्यावर. आणि प्रार्थना करतो म्हणून डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास, असं जे काही ठिकाणी शिकवलं जातं, त्याला पवित्र शास्त्रात आधार नाही. पौलाच्या जिवाभावाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता, आणि तीमथ्याला त्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असा साधा इलाज पौलानेच सुचवला होता.

बागेतल्या शिष्यांकडे पाहण्यासारखं आहे. त्या रात्री त्यांनी दोन गोष्टी केल्या. आधी ते झोपले, मग पेत्राने तलवार उपसली आणि मल्ख नावाच्या, प्रमुख याजकाच्या दासाचा कान तोडला. संकटापुढे आपलंही बहुधा असंच होतं. आधी डोळे मिटून घ्यायचे आणि त्यालाच देवावर सोपवणं म्हणायचं. मग डोळे उघडले की हाताला लागेल ते हत्यार चालवायचं. येशू या दोन्हींत बसत नाही. तो जागा राहिला, आणि पहारेकरी आले तेव्हा पळाला नाही, लपला नाही, त्याने शिष्यांना उठवलं आणि स्वतः पुढे झाला. प्याला टळला नाही, पण तो घेण्याचं बळ त्या तीन प्रार्थनांतून आलं. बागेतून बाहेर पडताना तो ज्या निश्चयाने चालतो, तो आत शिरतानाच्या येशूत दिसत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच रात्रीची. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली. नुकताच ज्याने पित्याच्या इच्छेला होकार दिला, तो गप्प राहिला का? योहान सांगतो की त्याने त्या शिपायाला विचारलं : मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? पित्याच्या इच्छेला त्याने ‘हो’ म्हटलं होतं. त्या शिपायाच्या हाताला नव्हतं. वधस्तंभाकडे चालत जाणारा येशूसुद्धा एका चपराकीला अन्याय म्हणतो, हे आपण फार वेळा विसरतो.

मी यावर एवढा भर देतो, कारण या विसरण्याची किंमत मोजणाऱ्या बहुतेक करून बायका असतात. नवरा पिऊन मारतो म्हणून बाई पाळकांकडे किंवा मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्यांकडे येते आणि तिला सांगितलं जातं : बाई, हा तुझा वधस्तंभ आहे, देवाची इच्छा समजून सोस. हे शब्द कितीही हळू आवाजात उच्चारले तरी ते पवित्र शास्त्राविरुद्ध आहेत. मार खाणं हे कोणाचंच ख्रिस्ती कर्तव्य नाही. तिला सुरक्षित जागा मिळवून देणं, पोलिसांत जायला सोबत करणं, नवऱ्याला जाब विचारणं, हीच तिथे देवाची इच्छा आहे, आणि ती पूर्ण करण्याची जबाबदारी त्या मंडळीची आहे.

देवाची इच्छा आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्यांची इच्छा यांतला फरक ज्या मराठी व्यक्तीने सगळ्यात निर्भयपणे मांडला, ती पंडिता रमाबाई. त्यांची कथा या मागणीवरचं मोठं भाष्य आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि पुढे मुलीलाही संस्कृत शिकवलं, लोकांचा विरोध पत्करून. १८७० च्या दशकातल्या दुष्काळी दिवसांत रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्यासोबत पायी देश हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या, तिथे विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही गेले. चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर विधवा, पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी. ‘देवाची इच्छा’ असं म्हणून आयुष्यभर कोपऱ्यात बसायला याहून जास्त कारणं कोणाला मिळणार? आणि कोपऱ्यात बसवायला समाज तयारच होता.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या, आणि इथेच ठिणगी पडली. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत घेतलं गेलं, आणि ते प्रतिकूल आलं : मायदेशी परतल्यावर तिच्या कामाला ते बाधेल. रमाबाई चकित झाल्या. जे माझ्या वडिलांना आणि नवऱ्याला कधी गैर वाटलं नाही, ते यांना का वाटावं, असं त्यांनी लिहिलं. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीही त्यांच्या शंका होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. नव्याने विश्वासात आलेल्या व्यक्तीने आधी आज्ञाधारकपणा शिकावा, वडीलधाऱ्यांचं ऐकावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या दुष्ट नव्हत्या. रमाबाई त्यांना पत्रांतून प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत.

१८८५ मध्ये रमाबाईंनी त्यांना जे कळवलं त्याचा आशय असा : भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता धर्मगुरूंच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द परात्पराची आज्ञा समजून दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान द्यायला मी तयार नाही. देवाने मला सदसद्विवेक दिला आहे आणि त्याच्यापुढे मी जबाबदार आहे.

बाप्तिस्मा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. परक्या देशात, मुलगी लहान, राहण्याखाण्याचा आधार त्याच लोकांचा. तरी देवापुढे पूर्ण झुकलेली ही बाई माणसांपुढे ताठ उभी राहिली. बंडखोर स्वभाव, असं म्हणून हा प्रसंग बाजूला सारता येणार नाही, कारण पुढची सदतीस वर्षं त्यांनी देवाच्या आज्ञेत काढली, आणि ती आज्ञा सोपी कधीच नव्हती. येरुशलेमेत पेत्र आणि प्रेषितांनी न्यायसभेला हेच सांगितलं होतं, की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. विशेष म्हणजे ही सगळी पत्रं जपून, जुळवून ठेवली ती सिस्टर जेराल्डिन यांनीच. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. जिच्याशी मतभेद झाला तिचा शब्द न् शब्द जपणं, हीही एक नम्रताच.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये मुली प्रार्थनेला बसतात म्हणून वादळ उठलं, सल्लागार मंडळातले प्रतिष्ठित लोक बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या दुष्काळात आपलं घर संपलं त्याच्या आठवणी या बाईला किती जाळत असतील! दुष्काळ म्हणजे देवाचा कोप, असं कीर्तनातून, प्रवचनातून सांगणारे तेव्हाही होते. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली नि विधवा घेऊन परत आल्या. त्याच सुमारास आलेल्या प्लेगच्या सरकारी बंदोबस्तात बायकांना कसं वागवलं जातं यावर त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं. पुण्याजवळ केडगावला माळरान घेतलं होतं, तिथे विहिरी खणल्या, शेती केली, ‘मुक्ती’ उभं केलं. विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं मुलींच्या हाती. आंधळ्या मुलींना वाचायला शिकवलं. देवाला शरण गेलेलं आयुष्य कसं दिसतं असं कोणी विचारलं तर मी केडगावच्या विहिरींकडे बोट दाखवीन.

आणि त्याच आयुष्यात २४ जुलै १९२१ हा दिवसही आहे. त्या दिवशी मनोरमा गेली. आईचं काम पुढे नेणारी, शिकलीसवरलेली, एकुलती एक मुलगी. रमाबाई तेव्हा संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत ते करायचं म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. मुलगी गेल्यावर जेमतेम साडेआठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्याही गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले आणि १९२४ मध्ये ते बायबल पूर्ण छापून झालं. पोरकेपणाने सुरू झालेलं आणि मुलीच्या मरणाने शेवटाला आलेलं हे आयुष्य. त्यातल्या मरणांचा अर्थ त्यांनी काय लावला असेल, ते त्या आणि त्यांचा देव जाणे. पण हातातलं काम त्यांनी सोडलं नाही.

देवाला शरण जाणं दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही, हेही मराठी ख्रिस्ती घराण्यांना चांगलं माहीत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांनी देवाची हाक ऐकली, पण त्या हाकेचा घाव पडला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर. पदरी लहान मूल, नातलगांच्या घरी आसरा, आणि नवरा जिवंत असून दुरावलेला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना तो काळ अंगावर येतो. टिळकांच्या आज्ञापालनाचं कौतुक करताना त्या बाईंचे अश्रू झाकून ठेवणं मला अप्रामाणिक वाटतं. पण टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं त्यांनी चालू दिलं. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतः झगडल्या आणि आपल्या पायांनी चालत १९०० मध्ये बाप्तिस्म्यापर्यंत आल्या. पाच वर्षं लागली. नव्या सुनेकडून, मोठ्या झालेल्या मुलाकडून आपल्या श्रद्धेचा होकार तासाभरात वसूल करू पाहणाऱ्या घरांनी ही पाच वर्षं ध्यानात ठेवावीत.

आता जो प्रश्न वाचक हमखास विचारतात : देवाची इच्छा ओळखायची कशी? खरं सांगायचं तर तिचा मोठा भाग आपल्याला आधीच ठाऊक असतो. मीखा संदेष्ट्याने तो थोडक्यात सांगून ठेवला आहे : न्यायाने वागावं, दयेची आवड धरावी, देवाबरोबर नम्रपणे चालावं. पुण्याची नोकरी घ्यावी की दुबईची, यासाठी आपण उपास करतो, प्रार्थनेच्या साखळ्या लावतो. सख्ख्या भावाशी वाटणीवरून दहा वर्षं बोलणं बंद आहे, त्याबद्दल मात्र देवाला काय वाटतं हे विचारण्याची आपल्याला गरज पडत नाही, कारण उत्तर माहीत असतं. जे कळलं आहे ते करत राहणाऱ्याला न कळलेलंही हळूहळू दिसू लागतं. घाटात रात्री गाडी चालवणाऱ्याला दिव्याच्या उजेडात पुढचं वळण तेवढं दिसतं; ते पार केल्यावर त्यापुढचं.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी, ही रीत पुष्कळ घरांत आहे. श्रद्धेने करतात, तरी मी ती सोडून द्या असंच सांगेन. पौलाने रोमकरांना मन नवं होऊ द्या आणि मग पारखून घ्या असं लिहिलं. पारखायला डोळे उघडे लागतात. त्याचा स्वतःचा अनुभव पाहा. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात तो आशिया प्रांतात वचन सांगायला निघतो, तर अडवला जातो. बिथुनियाला जाऊ पाहतो, पुन्हा अडवला जातो. शेवटी त्रोवसच्या बंदरात रात्री दृष्टांत होतो आणि तो समुद्र ओलांडून मासेदोनियाला जातो. दोन बंद दारं आणि एक उघडं. पण तो घरी बसून दार उघडण्याची वाट पाहत नव्हता, चालत होता. शिवाय दृष्टांत झाल्यावर निष्कर्ष काढला तो सगळ्या सोबत्यांनी मिळून, असं लूक लिहितो. एकट्याने ऐकलेली हाक जाणत्या, निःस्वार्थी माणसांपुढे ठेवून पाहावी, हा त्यातला धडा आहे.

कॅथोलिक परंपरेत संत इग्नेशियस लोयोला यांनी या पारखण्याचं एक शास्त्रच बांधलं. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून अंथरुणाला खिळलेल्या या शिपायाने स्वतःच्या मनाकडे बारकाईने पाहायला सुरुवात केली : कोणत्या विचाराने आनंद टिकतो, कोणत्या विचाराने तो ओसरून मन कोरडं पडतं. त्यातून आध्यात्मिक साधनेचं त्यांचं पुस्तक झालं, त्याला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. ज्या फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये आपल्याला ‘ख्रिस्तपुराण’ दिलं, ते याच इग्नेशियसच्या येशूसंघाचे. इग्नेशियस यांचा एक नियम प्रॉटेस्टंट घरांनीही भिंतीवर लावावा असा आहे. मन खचलेलं, काळवंडलेलं असताना आधीचा चांगला निर्णय बदलू नये. उजेडात जे ठरवलं त्याला अंधारात धरून राहावं. निराशेच्या रात्री ‘देवच सांगतोय, सोडून दे’ असा आवाज ऐकून सेमिनरी, लग्न, शिक्षण अर्ध्यावर टाकणाऱ्या तरुणांना हा नियम वेळेवर कोणी सांगायला हवा.

एवढं करूनही प्रामाणिक विश्वासणाऱ्यांचं एकमत होईलच असं नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा एकविसावा अध्याय यासाठी मला फार मोलाचा वाटतो. पौल येरुशलेमेला निघाला होता, आत्म्याने बांधलेला असा. वाटेत सोर इथल्या शिष्यांनी त्याच आत्म्याच्या प्रेरणेने त्याला जाऊ नकोस म्हटलं. कैसरीयात फिलिप्पाच्या घरी अगब नावाचा संदेष्टा आला, त्याने पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि तिथे तुझं असं होणार म्हणून सांगितलं. सगळे रडून विनवू लागले. त्यांत लूकही होता. ‘आम्ही’ असं म्हणून तो स्वतःला त्या विनवणाऱ्यांत धरतो. पौल कळवळला, रडून माझं मन का खचवता म्हणाला, पण बधला नाही. तेव्हा प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो असं म्हणून ते गप्प झाले. कोणाचंही समाधान झालं नव्हतं. आपलं म्हणणं खोटं होतं असंही कोणी कबूल केलं नाही, आणि अगबाने सांगितलेलं पुढे घडलंच. पण तिथून प्रवासाची तयारी झाली तेव्हा कैसरीयातले काही शिष्य पौलाबरोबर निघाले. कालपर्यंत त्याला अडवणाऱ्या त्या माणसांनी येरुशलेमेची वाट त्याच्यासोबत चालून काढली, आणि कुप्र बेटाचा म्नासोन नावाचा एक जुना शिष्य होता, त्याच्याकडे त्याची उतरायची सोय लावून दिली.

(पुढील आठवड्यात : रोजची भाकर)